क्रेडिट कार्डावर फसवणूक झाल्यास काय करावे: पहिल्या दहा मिनिटांपासून तक्रारीच्या निकालापर्यंत

घणसोलीत राहणाऱ्या आणि ऐरोलीतील एका कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या माझ्या भाच्याला पहिल्या पगारापाठोपाठ क्रेडिट कार्ड मिळाले. चौथ्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, त्याला एक फोन आला. बोलणाऱ्याने त्याचे पूर्ण नाव, बँकेचे नाव आणि कार्डाचे शेवटचे चार अंक अचूक सांगितले, रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होणार असे म्हणून एक लिंक पाठवली, आणि पहिला ओटीपी चालला नाही असे सांगून दुसराही मागून घेतला. पाच मिनिटांत ३८,४०० आणि २२,००० रुपयांचे दोन व्यवहार झाले. त्यानंतर भाच्याने जे केले ते बहुतेक जण करतात: त्याच क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन लावला, इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला, मित्राला विचारले, आणि घरी सांगायला तो संकोचला. सहा वाजता त्याने कार्ड बंद केले, तोवर पावणेसहाला एका परदेशी संकेतस्थळावर तिसरा व्यवहार होऊन गेला होता, आणि त्याला ओटीपीही लागला नव्हता.

पहिले दोन व्यवहार झाल्यावर लगेच कार्ड बंद झाले असते तर तिसरा झालाच नसता. त्या अडीच तासांमुळे हा लेख लिहीत आहे. नव्याने कार्ड घेतलेल्यांसाठी येथे कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने सांगितली आहेत, कारण गेलेली रक्कम कोणी सोसायची हे पुष्कळदा फसवणूक कशी झाली याइतकेच बँकेला किती वाजता कळवले यावरही ठरते.

पहिले काम: कार्ड बंद करणे

ओळखीचा नसलेला व्यवहार दिसताक्षणी, तो कसा झाला याचा विचार करण्याआधी, कार्ड बंद करावे. सर्वांत जलद मार्ग म्हणजे बँकेचे मोबाइल ॲप. त्यात कार्ड तात्पुरते थांबवण्याची आणि कायमचे बंद करण्याची अशा दोन वेगळ्या सोयी बहुधा असतात. फसवणूक नक्की झालेली असेल तर कायमचे बंद करण्याची सोय निवडावी, कारण कार्डाचा क्रमांक आता दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो पुन्हा वापरात आणण्यात अर्थ नाही. ॲप उघडत नसेल तर कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर कधीही करू नये. बँकांच्या नावाने खोटे ग्राहक सेवा क्रमांक टाकून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस स्वतःहून फोन करतो म्हणून तो सहज फसतो.

एसएमएस किंवा ईमेलने आलेल्या व्यवहाराच्या सूचनेत हा व्यवहार आपला नसल्यास काय करावे हेही दिलेले असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे की ग्राहकाला २४ तास, निरनिराळ्या मार्गांनी, तक्रार नोंदवता आली पाहिजे आणि नोंदवल्याबरोबर तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. तो क्रमांक आणि त्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी. फोनवरील प्रतिनिधीने क्रमांक एसएमएसने येईल असे सांगितले, तरी तो तोंडी विचारून घ्यावा.

कार्ड बंद केल्यावर झालेल्या व्यवहारांचे एसएमएस, कॉलची नोंद, आलेली लिंक आणि संभाषण यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. लाज वाटून किंवा रागाने यांपैकी काहीही पुसून टाकू नये. पुढची प्रत्येक पायरी या नोंदींवरच उभी राहते.

दुसरे काम: १९३० वर फोन

१९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेशी जोडलेला असून याच यंत्रणेचे पोर्टल सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे आहे. फोनवर आपले नाव, मोबाइल क्रमांक, बँकेचे नाव, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. म्हणून एसएमएस समोर ठेवूनच फोन करावा. लाइन लागत नसेल तर वाट पाहत बसू नये, पोर्टलवर थेट तक्रार भरावी. फोनवर तक्रार झाली तर मिळालेल्या पोच क्रमांकाच्या आधारे पोर्टलवरील उरलेली माहिती त्याच दिवशी पूर्ण करावी.

या फोनने नेमके काय होते, हे समजले तर घाई का करायची ते कळते. चोरलेली रक्कम एका जागी थांबत नाही. ती एखाद्या वॉलेटमध्ये किंवा भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जाते, तेथून दोन-तीन खात्यांत वाटली जाते आणि शेवटी एटीएममधून काढली जाते किंवा वस्तूंत बदलते. १९३० ची यंत्रणा तक्रार थेट त्या बँकेकडे किंवा वॉलेट कंपनीकडे पोहोचवते, आणि तेथे जी रक्कम अजून शिल्लक असेल ती गोठवली जाते. पुढे गेलेली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. म्हणजे हा पैशाचा पाठलाग आहे, आणि आपण जितके आधी कळवू तितके अंतर कमी राहते.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एक संधी असते. एसएमएसमध्ये दुकानाचे किंवा खरेदीच्या संकेतस्थळाचे नाव येते. वस्तू अजून पाठवलेली नसेल तर ऑर्डर रद्द होऊ शकते, म्हणून त्या कंपनीलाही तिच्या अधिकृत ॲपमधून लगेच कळवावे. भाच्याचे ३८,४०० रुपये याच मार्गाने तीन आठवड्यांनी परत आले. ऑर्डर गोदामातून निघालेली नव्हती, एवढेच त्याचे नशीब. बावीस हजार रुपये वॉलेटमधून तोवर बाहेर गेले होते.

गोठवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही, हे आधीच माहीत असावे. ती सोडवण्यासाठी अनेकदा पोलिसांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

तिसरे काम: बँकेकडे लेखी तक्रार

कार्ड बंद करणे आणि व्यवहाराला हरकत घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि येथे नवीन ग्राहक हमखास चुकतो. कार्ड बंद झाल्याने पुढचे व्यवहार थांबतात, पण झालेल्या व्यवहाराबद्दल आपली तक्रार आहे अशी नोंद त्यातून होतेच असे नाही. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या अधिकृत ईमेलवर किंवा ॲपमधील हरकत नोंदवण्याच्या अर्जावर लेखी तक्रार करावी. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ:

"माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक ....) दिनांक .... रोजी .... वाजता .... रुपयांचा व्यवहार झाला. हा व्यवहार मी केलेला नाही किंवा त्यास संमती दिलेली नाही. मी दिनांक .... रोजी .... वाजता कार्ड बंद केले असून तक्रार क्रमांक .... आहे. १९३० वरील पोच क्रमांक .... आहे. कृपया या व्यवहारास माझी हरकत नोंदवून रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक दायित्वाच्या निर्देशांनुसार रक्कम तात्पुरती जमा करावी आणि निर्णय लेखी कळवावा."

पत्रात खोटे काहीही लिहू नये. ओटीपी सांगितला असेल तर तो कोणत्या बहाण्याने सांगितला गेला ते स्पष्ट लिहावे, आणि अशा वेळी "संमती दिलेली नाही" या वाक्याऐवजी "फसवून माहिती मिळवून हा व्यवहार करण्यात आला" असे लिहावे. ओटीपी कोणत्या वेळी, कोणत्या व्यवहारासाठी गेला आणि वापरला गेला याची नोंद बँकेकडे असते. ती लपवलेली दिसली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ज्यांना शाखेत जाणे सोयीचे वाटते त्यांनी जावे, पण शाखेत "कार्डाचा विभाग वेगळा आहे" असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी. तसे झाले तरी पत्राची प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख असलेली पोच घ्यावी.

नुकसान कोणाचे

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याची चौकट घालून दिली. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसे निर्देश निघाले, जे ठाण्यासारख्या, घरटी एखादे तरी सहकारी बँकेचे खाते असलेल्या शहरात महत्त्वाचे आहे. रकमा आणि मुदती काळानुसार बदलू शकतात, त्यामुळे आपल्या बँकेच्या संकेतस्थळावरील ग्राहक संरक्षण धोरण एकदा वाचावे. चौकट समजून घेण्यासाठी मात्र दोन उदाहरणे पुरतील.

पहिले उदाहरण नौपाड्यातील आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. त्यांचे कार्ड कपाटात होते, त्यांनी कोणाला काही सांगितले नव्हते, आणि तरीही पहाटे तीनच्या सुमारास परदेशी चलनात तीन व्यवहार झाले. अनेकांना हे अशक्य वाटते. पण प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो हा नियम भारतातील व्यापाऱ्यांपुरता आहे. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा केवळ कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा सुरक्षा क्रमांक) पुरतात, आणि हे तपशील कधीतरी कोणत्यातरी संकेतस्थळावरून चोरीला गेलेले असू शकतात. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, तो यंत्रणेत इतरत्र आहे, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये यांपैकी जे कमी असेल ते, आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डासाठी हीच कमाल २५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरते. बाईंनी सकाळी आठला तक्रार केली आणि त्यांना एक रुपयाही भरावा लागला नाही.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजतात. शुक्रवारी रात्री एसएमएस आला आणि दुसरा शनिवार असेल, तर सोमवार हा पहिला दिवस आणि बुधवार हा तिसरा. ही मोजणी हक्क सांगण्यासाठी आहे, वाट पाहण्यासाठी नव्हे.

दुसरे उदाहरण भाच्याचे. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतः सांगितला तर ती त्याची निष्काळजी धरली जाते आणि बँकेला कळवेपर्यंत झालेले सर्व नुकसान त्याचे असते. पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. हा दुसरा भाग लोकांना कोणी सांगत नाही. आपली चूक झाली आहे, आता काय तोंड दाखवणार, असे वाटून जो गप्प राहतो तो नेमका आपल्या हक्काचा भाग सोडून देतो. भाच्याने तीन वाजून पस्तीस मिनिटांनी कळवले असते, तर पावणेसहाचा व्यवहार बँकेने सोसायचा होता. त्याने सहाला कळवले, म्हणून तो त्याच्याच नावावर राहिला.

आणखी तीन गोष्टी याच चौकटीत आहेत. अनधिकृत व्यवहार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती जमा करायची असते. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. "ओटीपी वापरला गेला आहे" एवढ्या एका वाक्यावर तक्रार बंद झाली आणि आपण ओटीपी दिलेलाच नव्हता, तर तो कोणत्या क्रमांकावर गेला, त्या सुमारास सिम किंवा नोंदणीकृत क्रमांक बदलला होता का, हे लेखी विचारावे.

पोलीस तक्रार कोठे करावी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात जिल्ह्याची हद्द आणि पोलिसांची हद्द जुळत नाही, त्यामुळे नवीन आलेल्यांचा गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, ऐरोली, घणसोली ही ठिकाणे ठाणे जिल्ह्यात आहेत, पण ती नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात. पनवेल, खारघर, उरण रायगड जिल्ह्यात असूनही त्याच आयुक्तालयात आहेत. कळवा, मुंब्रा, भिवंडी, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. मीरा रोडसाठी वेगळे आयुक्तालय आहे, आणि चेकनाक्यापलीकडील मुलुंड मुंबई पोलिसांकडे. रेल्वेत किंवा स्थानकावर पाकीट गेले असेल तर ठाणे किंवा वाशी येथील लोहमार्ग पोलिसांकडे जावे.

तरीही हद्दीच्या कारणाने कोणी परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे आपण जेथे राहतो तेथील पोलीस ठाण्यात, १९३० चा पोच क्रमांक आणि पुराव्यांच्या प्रती घेऊन जावे. अशा प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ क आणि ६६ ड, तसेच भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमे ३१८ आणि ३१९ लागू होऊ शकतात. कलमे आपण सांगण्याची गरज नसते. घटनाक्रम वेळेसह एका कागदावर लिहून नेला तर काम निम्म्या वेळात होते.

फोन, ईमेल आणि इतर खाती

कार्ड बंद झाले म्हणजे धोका संपला असे समजू नये. आपण लिंकवर जाऊन केवळ माहिती भरली असेल तर नेट बँकिंग आणि ईमेलचे पासवर्ड बदलणे पुरते. ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदलावा आणि त्याला दुहेरी पडताळणी लावावी, कारण इतर सगळे पासवर्ड बदलण्याचा रस्ता ईमेलमधूनच जातो.

पण एखादी एपीके फाइल, म्हणजे ॲप स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, फोनवर बसवली असेल, तर प्रकरण वेगळे आहे. वाहतूक दंडाचे ई-चलन, महावितरणची वीज तोडण्याची सूचना, महानगर गॅसचे थकीत बिल, कुरिअरचा पत्ता किंवा लग्नाची पत्रिका या रूपांत अशा फायली व्हॉट्सॲपवर येतात. त्या एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि पुढे येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. अशा फोनवरून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही त्याच्याच हाती पडण्याची भीती असते. म्हणून फोन विमान मोडवर टाकावा, वाय-फाय बंद करावे, आणि कार्ड बंद करण्यापासूनची सगळी कामे घरातील दुसऱ्या फोनवरून करावीत. पुरावे टिपून झाल्यावर ते ॲप काढावे आणि शक्य असेल तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप बसवले असेल तरी हेच करावे.

फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारावे की आपल्या नावाने नवे सिम दिले गेले आहे का. आपले कॉल दुसरीकडे वळवले गेल्याची शंका असेल तर ##००२# डायल केल्यावर कॉल वळवण्याच्या सर्व सूचना रद्द होतात. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. संशयास्पद कॉल आणि संदेश कळवण्याची चक्षू ही सोयही तेथेच आहे.

या दिवसांत आणखी एक सापळा येतो. "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो" असे सांगणारे फोन सुरू होतात, कधी सायबर पोलिसांच्या, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाने. पैसे परत मिळवून देण्यासाठी कोणतेही सरकारी कार्यालय आधी शुल्क मागत नाही.

बिलाचे काय करायचे

हरकत घेतलेली रक्कम पुढच्या स्टेटमेंटमध्ये दिसली की माणूस दोन टोकांच्या चुका करतो: घाबरून सगळे भरून टाकतो, किंवा रागाने काहीच भरत नाही. योग्य मार्ग असा की आपण स्वतः केलेल्या खर्चाची रक्कम देय तारखेपूर्वी पूर्ण भरावी, हरकतीची रक्कम वेगळी दाखवून बँकेला ईमेल करावा, आणि तात्पुरती रक्कम जमा झाली आहे का ते तपासावे. क्रेडिट कार्डांच्या नियमांप्रमाणे फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. वसुलीसाठी फोन आला तर तक्रार क्रमांक सांगावा आणि उत्तर लेखी मागावे. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तर मात्र रक्कम थकवू नये. क्रेडिट कार्डाचे व्याज अनेकदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि वाद पुढे चालवण्यासाठी थकबाकीदार होण्याची काही गरज नसते.

बँकेने तक्रार फेटाळल्यास

बँकेच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, पत्ता असतो. पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही तर त्यांच्याकडे लिहावे. तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर मान्य नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपालाकडे थेट जाता येत नाही, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिसऱ्या पायरीतील ती पोच येथे उपयोगी पडते. ३० दिवस झाले की अर्ज पुढे ढकलू नये.

आज, काही घडण्यापूर्वी

वरचे सगळे वाचून झाल्यावर बँकेचे ॲप उघडावे आणि कार्डाच्या वापराच्या मर्यादा पाहाव्यात. २०२० पासून प्रत्येक ग्राहकाला ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड टेकवून होणारे व्यवहार वेगवेगळे सुरू किंवा बंद करण्याची आणि प्रत्येकाची कमाल रक्कम ठरवण्याची सोय आहे. परदेशी व्यवहार बंद ठेवावेत, परदेशी संकेतस्थळावर काही घ्यायचे असेल तेवढ्यापुरते सुरू करावेत. निवृत्त शिक्षिकेचे कार्ड असे बंद ठेवलेले असते तर पहाटेचे तिन्ही व्यवहार नाकारले गेले असते. कार्ड टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. ठाणे स्थानकाच्या गर्दीत रोज चढणाऱ्याने ही मर्यादा हजार-पाचशेवर आणावी, म्हणजे पाकीट गेलेच तर नुकसान तेवढेच राहील.

ऑनलाइन खरेदीसाठी कमी मर्यादेचे एक वेगळे कार्ड ठेवता आले तर उत्तम. ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील दुकानदार आपल्या कार्डाचा क्रमांक साठवू शकत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या जागी चालणारा सांकेतिक क्रमांक, वापरले जाते. ते निर्धास्तपणे स्वीकारावे, मात्र कार्डाचा फोटो फोनच्या गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर कधीही ठेवू नये.

फोन खरा की खोटा हे आवाजावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये, भाचा हुशार आहे आणि तरी फसला. त्याचे नाव व कार्डाचे शेवटचे अंक समोरच्याला माहीत होते, एवढ्याने त्याचा विश्वास बसला. पण ही माहिती विकत मिळते. बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांक मालिका ठरवलेली आहे, आणि बँकांची संकेतस्थळे आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर आली आहेत. या खुणा उपयोगी आहेत. तरीही फोन ठेवून देऊन कार्डामागील क्रमांकावर स्वतः फोन करणे हीच सर्वांत साधी खात्री आहे. खऱ्या बँकेला त्याचा राग येत नाही.

कार्डामागील क्रमांक, १९३० आणि कार्डाचे शेवटचे चार अंक एका कागदावर लिहून घरात सर्वांना दिसेल असे लावावे. कार्ड हरवले तर त्याच्यामागचा क्रमांकही हरवतो, हे आयत्या वेळी लक्षात येते. स्टेटमेंट आलेल्या दिवशीच एकेक ओळ वाचावी. एक-दोन रुपयांचा किंवा अगदी थोड्या डॉलरचा अनोळखी व्यवहार दिसला तर तो क्षुल्लक म्हणून सोडू नये. चोरलेले कार्ड चालते का, हे असेच तपासले जाते आणि मोठी रक्कम त्यानंतर जाते.

ज्यांनी पॅन किंवा आधारचे तपशीलही कोणाला दिले असतील, त्यांनी दोन-तीन महिन्यांनी आपला पत अहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जे आणि कार्डे यांची नोंद, मागवावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात आपण न घेतलेले कर्ज किंवा कार्ड दिसले तर त्या संस्थेकडे आणि संबंधित बँकेकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागता येते. भाच्याच्या अहवालात मार्चमध्ये असे काही आढळले नाही. पुन्हा पाहायचे म्हणून त्याने सप्टेंबरची तारीख दुसऱ्या संस्थेच्या नावासह भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली आहे.